सुंदर न्याय

माझा उभा जन्म ठाणे आणि अलिबागच्या कोर्टांत फौजदारी वकिली करण्यात गेला. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. "तुम्ही असल्यांची बाजू घेताच कशा?" हा प्रश्न मी लग्नकार्यात ऐकला, लोकलमध्ये ऐकला, स्वतःच्या घरीही ऐकला. त्याचे उत्तर शोधताना मला दंड संहितेपेक्षा एका जुन्या यहुदी विचाराचा आधार जास्त वाटला. कबाला ह्या यहुदी गूढविद्येत त्याला तिफेरेत म्हणतात. गुन्हा, शिक्षा आणि माफी ह्यांवर आपल्याकडे हल्ली ज्या आवेशाने बोलले जाते, तो पाहून तिफेरेतबद्दल मराठीत लिहायलाच हवे असे मला वाटते.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. आडनावाच्या शेवटी 'कर', मांसाबरोबर दूधदुभते वर्ज्य म्हणून नारळाच्या दुधातला रस्सा, शनिवारी कामाला सुट्टी. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी शब्बाथ राखला, मुलांची सुंता राखली, खाण्यापिण्याचे नियम राखले, 'शेमा' ही प्रार्थना राखली. कबालाचे ग्रंथ मात्र त्यांच्यापाशी नव्हते. हा विचार माझ्यापर्यंत आला तो पुष्कळ उशिरा, आणि दूरच्या वाटेने.

कबालाच्या मते ईश्वर मूळ रूपात अनंत आहे. त्याला एन सोफ म्हणतात, आणि त्याच्याविषयी माणसाला काहीही बोलता येत नाही. बोलता येते ते त्याच्यातून प्रकट झालेल्या दहा शक्तींविषयी. ह्या दहा सेफिरोत. त्या एका वृक्षासारख्या तीन स्तंभांत मांडतात. सर्वांत वर केतेर, म्हणजे मुकुट. त्याखाली होखमा आणि बिना, ज्ञान आणि आकलन. त्यांच्या खाली उजवीकडे हेसेद, ओसंडून वाहणारी, पात्र-अपात्र न बघणारी दया. समोर डावीकडे गेवुरा, म्हणजे बळ, मर्यादा, कठोर न्याय. तिचे दुसरे नाव दीन, निवाडा. ह्या दोघींच्या जरा खाली, अगदी मधोमध, तिफेरेत. तिच्याखाली नेत्साह, होद आणि येसोद, आणि तळाशी मालखुत, म्हणजे आपण राहतो त्या जगाला भिडलेली शक्ती. ह्यांतली बरीच नावे बायबलमधल्या पहिल्या इतिहास ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायातून घेतली आहेत. तिथे दावीद राजा देवाची स्तुती करताना हे गुण एकामागून एक उच्चारतो. माणसाच्या देहावर हा वृक्ष ठेवला तर हेसेद उजवा हात होतो, गेवुरा डावा, आणि तिफेरेत धड. रंगांत बघितले तर हेसेद पांढरी, गेवुरा लाल आणि तिफेरेत हिरवी. पूर्वजांत बघितले तर अब्राहाम, इसहाक आणि याकोब.

तिफेरेत म्हणजे सौंदर्य. हा वृक्ष मला पहिल्यांदा नीट समजला तेव्हा मी ह्याच ठिकाणी अडखळले. दया आणि निवाडा ह्यांच्या मध्ये काय असायला हवे? वकिलाला विचाराल तर तडजोड. राजकारण्याला विचाराल तर मधला मार्ग. तेराव्या शतकातल्या यहुदी गूढवाद्यांनी तिथे सौंदर्य बसवले, आणि त्या सौंदर्याला आणखी दोन नावे दिली: करुणा, म्हणजे राहामीम, आणि सत्य, म्हणजे एमेत. करुणा, सत्य आणि सौंदर्य ही एकाच जागेची तीन नावे. निवाडा खरा असेल, करुणेचा असेल, तर तो पाहणाऱ्याला सुंदर वाटतो, आणि असा निवाडा मी कोर्टात माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. तो प्रसंग पुढे सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तिफेरेत म्हणजे अर्धी दया आणि अर्धा न्याय असे मुळीच नाही. कबालाच्या वृक्षात मधला स्तंभ तिफेरेतपासून थेट वर केतेरपर्यंत जातो. म्हणजे तिफेरेतचे मूळ हेसेद आणि गेवुरा ह्या दोघींपेक्षा वरचे आहे, म्हणूनच ती दोघींना सामावून घेऊ शकते. भांडणाऱ्या दोन पक्षांत शहाणा तिसरा माणूस तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा त्याला दोघांच्याही पलीकडचे काही दिसत असते. नुसता दोघांच्या मध्ये उभा राहणारा माणूस दोन्हीकडून ढकलला जातो.

कबालाच्या आधीच्या, मिद्राश ह्या प्राचीन भाष्यवाङ्मयात एक गोष्ट आहे. एका राजाकडे काचेचे नाजूक पेले होते. त्याने विचार केला, गरम पाणी ओतले तर फुटतील, गार ओतले तर तडकतील. मग त्याने दोन्ही एकत्र करून ओतले आणि पेले टिकले. देवाने जग निर्माण करताना तसेच केले, असे ती गोष्ट सांगते. नुसती दया असती तर पापाला धरबंध राहिला नसता, नुसता निवाडा असता तर जग एक दिवसही उभे राहिले नसते. तालमूद ह्या यहुदी धर्मग्रंथात तर ह्याहून धीट कल्पना आहे: देव स्वतःही प्रार्थना करतो, आणि काय मागतो, तर आपली करुणा आपल्या रागावर मात करो. देवालाही हे आपोआप जमत नाही, ते मागावे लागते, इच्छावे लागते, ह्या कल्पनेवर मी अनेकदा विचार करत बसले आहे. कबालाने हा कल पक्का केला. तिफेरेत मध्यभागी असूनही तिचा ओढा करुणेकडे आहे. सकाळी उठल्यावर हात धुताना आधी उजव्या हातावर पाणी घ्यायचे, मग डाव्यावर. कपडे घालताना आधी उजवी बाही. कबाला मानणारे ह्या साध्या रीतींतही तोच अर्थ बघतात, उजव्याने डाव्याच्या पुढे असावे. डाव्याला काढून टाकायचे नाही, त्याच्या पुढे असायचे.

इतिहास थोडक्यात सांगते. सेफिरोतच्या ह्या मांडणीचा पाया बाराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये, 'बाहीर' नावाच्या लहानशा ग्रंथात दिसतो. तिथून हा विचार स्पेनमधल्या जेरोना गावी गेला आणि तेराव्या शतकाच्या शेवटी कॅस्टीलमध्ये 'झोहार' हा अरामी भाषेतला प्रचंड ग्रंथ हातोहात फिरू लागला. मोशे दे लेओन हा विद्वान त्याच्या प्रती लोकांना देत असे. हा ग्रंथ दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाईचा आहे असे तो सांगे, आणि श्रद्धावान यहुदी आजही तसेच मानतात. विसाव्या शतकात गेर्शोम शोलेम ह्या यरुशलेमच्या अभ्यासकाने भाषेच्या पुराव्याने दाखवले, की त्याचा मुख्य भाग मोशे दे लेओनच्याच लेखणीतून उतरला. मला शोलेमचे म्हणणे पटते, आणि त्याने झोहारची किंमत माझ्या लेखी जराही उतरत नाही.

झोहारमध्ये एक विचार असा आहे की प्रत्येक न्यायाधीशाने तो एकदा तरी वाचावा असे मला वाटते. जगात दुष्टता कुठून आली? झोहारचे एक उत्तर असे: गेवुरा, म्हणजे देवाचाच कठोर निवाडा, जेव्हा हेसेदपासून तुटून वेगळा पडतो आणि स्वतःच्याच बळावर वाढत जातो, तेव्हा त्यातून 'सित्रा आहरा', म्हणजे दुसरी बाजू, अंधाराची बाजू उभी राहते. ह्या उत्तरात वाईट बाहेरून येत नाही. न्यायातूनच येते, करुणेपासून सुटलेल्या न्यायातून.

हे मी 2019 च्या डिसेंबरमध्ये माझ्या डोळ्यांदेखत पाहिले. हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. देश हादरला, मीही हादरले. 6 डिसेंबरच्या पहाटे त्या प्रकरणातले चारही संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, आणि लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात घडलेले. 2022 मध्ये आयोगाने सांगितले, की त्या चौघांवर त्यांना ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते, आणि संबंधित पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. अहवाल आला तेव्हा पाकळ्या उधळणारे कुणी बोलल्याचे मी ऐकले नाही. त्या मुलीला न्याय मिळालाच नाही, कारण तिचा खटला कधी चाललाच नाही. पुरावा तपासला गेला नाही, दोष सिद्ध झाला नाही, शिक्षा सुनावली गेली नाही. तिच्या नावाने झाले ते झोहारने सांगितलेले होते: दयेपासून तुटलेले बळ.

आता उलटी बाजू, कारण ती सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. नुसती दयाही तितकीच घातक असते. रायगडच्या एका गावातली एक बाई माझ्याकडे यायची. नवरा मारायचा, पुढे सासराही. दर वेळी गावातली चार प्रतिष्ठित माणसे बसायची आणि तिला म्हणायची, "पोरी, माफ कर, घर मोडू नकोस, तुझं मन मोठं आहे." ती तक्रार मागे घ्यायची. शेवटच्या वेळी ती आली तेव्हा एका हाताचे हाड मोडलेले होते. त्या चार माणसांच्या मनात दुष्टपणा नव्हता, हे मी खात्रीने सांगते. त्यांना खरेच सगळ्यांचे भले व्हावे असे वाटत होते. पण त्यांच्या दयेला मर्यादा नव्हती, आणि तिची किंमत त्यांच्यापैकी कुणीही भरली नाही. ती भरली त्या बाईने.

सोळाव्या शतकात ह्याच प्रश्नावर सफेद नावाच्या गावात फार खोल विचार झाला. 1492 मध्ये स्पेनमधून यहुद्यांना हाकलून दिले, आणि त्यानंतरच्या काळात अनेक कुटुंबे ऑटोमन राज्यात आली. त्यांतली काही गालीलच्या डोंगरातल्या ह्या गावात स्थिरावली. माझी मावशी इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिच्याबरोबर मी सफेदला गेले. चढउताराच्या दगडी गल्ल्या, निळ्या रंगाची दारे, आणि गावाच्या खालच्या उतारावर जुनी दफनभूमी. मावशी त्या उतारावर माझा हात धरून मराठीत सांगत होती, "सांभाळून ये गं, पाय घसरेल. हे बघ, हे अरीचं थडगं, आणि हे कोर्दोवेरोंचं." ह्या दोघांविषयी पुढे सांगते. समोर मेरोनचा डोंगर दिसत होता. शिमोन बार योहाईची समाधी तिथे आहे असे मानतात.

मोशे कोर्दोवेरो (1522–1570) हे ह्या गावाचे सर्वांत शिस्तबद्ध विचारवंत. त्यांचे एक छोटे पुस्तक आहे, 'तोमेर देवोरा'. सेफिरोतचे गुण माणसाने रोजच्या वागण्यात कसे आणायचे, एवढाच त्याचा विषय. तिफेरेतच्या प्रकरणात सौंदर्याविषयीची वर्णने मिळतील अशी माझी अपेक्षा होती. कोर्दोवेरो तिथे धर्माभ्यासाविषयी बोलतात, आणि सगळा भर एकाच गोष्टीवर देतात: जाणकाराने आपल्या ज्ञानाचा गर्व करू नये. जो गुरू शिष्यांवर गुर्मी दाखवतो, जो पंडित गरिबाला तुच्छ लेखतो, तो तिफेरेतला खालच्या शक्तींपासून तोडतो. आणि वाद घालताना माणसाचा हेतू सत्याकडे पोचण्याचा असावा. देवासाठी घातलेला वाद म्हणजे हेसेद आणि गेवुरा ह्यांचा वाद, आणि तो शेवटी तिफेरेतमध्ये एकमताला येतो. कोर्टात रोज उलटतपासणी घेणाऱ्या माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फिर्यादी पक्ष आपली बाजू पूर्ण ताकदीने मांडतो, आम्ही आमची. कुणी मध्येच ढिला पडला तर न्याय होत नाही. दोन्ही बाजू पूर्ण ताकदीच्या हव्यात. आणि न्यायाधीशाच्या ठायी विद्वत्तेचा तोरा आला की निकाल कितीही बिनचूक असो, आरोपीच्या आईला तो समजत नाही आणि फिर्यादीच्या आईलाही समजत नाही.

कोर्दोवेरो वारले त्याच वर्षी, 1570 मध्ये, इत्झाक लुरिया सफेदला आले. त्यांना अरी म्हणतात, म्हणजे सिंह. जेमतेम दोन वर्षांत, 1572 च्या साथीत ते गेले. वय अडतीस. स्वतः जवळजवळ काहीच लिहिले नाही. त्यांच्या शिष्याने, हायिम वितालने, त्यांचे बोलणे लिहून ठेवले. अरींची सर्वांत प्रसिद्ध कल्पना अशी, की सृष्टीच्या आरंभी दैवी प्रकाश ज्या पात्रांत भरला, त्यांतली वरची तीन टिकली आणि हेसेदपासून खालची पात्रे फुटली. का फुटली? लुरियाच्या परंपरेचे उत्तर असे, की त्या अवस्थेत प्रत्येक शक्ती एकटी होती. प्रत्येकीला वाटत होते, आपणच पुरेशा आहोत. दयेत निवाड्याला जागा नव्हती, निवाड्यात दयेला नव्हती. लक्षात घ्या, गेवुराबरोबर हेसेदचे पात्रही फुटले. आपल्या जगाचे काम, तिक्कुन, म्हणजे ह्या शक्ती पुन्हा एकमेकींत मिसळणे: दयेत थोडा निवाडा, निवाड्यात थोडी दया, आणि दोघींना बांधणारी तिफेरेत.

पेसाहच्या सणापासून शावुओतपर्यंत एकोणपन्नास दिवस मोजण्याची आमच्यात रीत आहे. अनेक प्रार्थनापुस्तकांत प्रत्येक दिवसापुढे दोन सेफिरांची नावे छापलेली असतात. पहिला आठवडा हेसेदचा, दुसरा गेवुराचा, तिसरा तिफेरेतचा. त्यात प्रत्येक दिवशी एक शक्ती दुसरीच्या आत. तिसऱ्या आठवड्याचा पहिला दिवस तिफेरेतमधली हेसेद, दुसरा तिफेरेतमधली गेवुरा, आणि सतरावा दिवस तिफेरेतमधली तिफेरेत. मी ही मोजणी करते. ती करताना मला दर वर्षी जाणवते, की शुद्ध, निर्भेळ अशी एकही शक्ती ह्या रीतीत ठेवलेलीच नाही. हेसेदमधल्या हेसेदलाही दुसऱ्या दिवशी गेवुरा भेटतेच.

याकोबविषयी थोडे थांबून सांगते, कारण माझ्या मते ह्या सगळ्या मांडणीतला सर्वांत धाडसी निर्णय तो आहे. अब्राहाम पाहुण्यांसाठी तंबू चारही बाजूंनी उघडा ठेवणारा, म्हणून हेसेद. इसहाक वेदीवर बांधून घेणारा, म्हणून गेवुरा. आणि तिफेरेतच्या जागी, सत्य आणि सौंदर्याच्या जागी, याकोब. ज्याने आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद घेतला तो याकोब. ज्याला नंतर सासऱ्याने फसवले, वीस वर्षे राबवले. जो रात्रभर नदीकाठी एका अनोळखी शक्तीशी झुंजला, आणि पहाटे मांडीचा सांधा निखळून लंगडत निघाला. कबालाच्या पंडितांना ह्यातले सगळे ठाऊक होते. तरी त्यांनी ही जागा एखाद्या निष्कलंक संताला दिली नाही. ज्याने दगा केला, दगा सोसला, आणि शेवटी ज्या भावाचे हिरावून घेतले त्याच्यासमोर सात वेळा जमिनीपर्यंत लवून उभा राहिला, त्याला दिली. माणूस त्याच्या सर्वांत वाईट कृत्यापुरताच नसतो, हे मी आयुष्यभर कोर्टात सांगत आले. याकोबला ती जागा देणाऱ्यांनी ते माझ्या आधी सातशे वर्षे मान्य केलेले होते.

आपल्या कायद्यातही ही दृष्टी आहे. 1980 च्या बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फाशी घटनाबाह्य ठरवली नाही, पण ती विरळातल्या विरळ प्रकरणापुरती ठेवली. आणि शिक्षा ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही बघायचे, शिक्षा वाढवणाऱ्या आणि सौम्य करणाऱ्या दोन्ही परिस्थिती मांडायच्या, असे सांगितले. त्याहून जुना आणि माझ्या मते त्याहून सुंदर कायदा म्हणजे 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. आम्ही त्याला प्रोबेशनचा कायदा म्हणतो.

आता तो प्रसंग. एकोणीस वर्षांचा मुलगा, कापडाच्या दुकानात कामाला. गल्ल्यातून पैसे चोरताना धरला गेला. चोरी केली हे त्याने कबूल केले. दुकानदार संतापलेला, आणि त्याचा संताप योग्य होता. त्याने ह्या मुलाला घरच्यासारखे वागवले होते. प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवला. त्या बाई मुलाच्या घरी गेल्या, शेजाऱ्यांशी बोलल्या, शाळेत गेल्या, दुकानदाराशीही बोलल्या. न्यायाधीशांनी मुलाला तुरुंगात पाठवले नाही. बंधपत्रावर सोडले, प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली ठेवले, आणि चोरीची सगळी रक्कम दुकानदाराला हप्त्याहप्त्याने परत करायचा आदेश दिला. पण त्याआधी त्यांनी मुलाला पुढे बोलावले आणि दुकानदाराचे ऐकायला लावले. दुकानदार बोलला. काय काय तुटले, ते त्याने सांगितले. मुलगा रडला. न्यायाधीश मग म्हणाले, "हे विसरायची परवानगी तुला नाही. पण ह्यावर तुझं आयुष्य संपवायची परवानगी आम्हाला नाही." कोर्टात गडबड नव्हती. दुकानदाराने हात जोडले. मला त्या वेळी जे वाटले त्याला मी सौंदर्यच म्हणेन, आणि हे मी शब्द मोजून म्हणते. गुन्ह्याला गुन्हा म्हटले गेले, फिर्यादीचे गेलेले परत आले, आणि मुलगा माणूस म्हणून उभा राहिला. त्यातली एक बाजू काढून घेतली असती तर ते सुंदर राहिले नसते.

ह्या विचाराचा आपल्या मातीशी संबंध नाही असे समजू नका. मुंबईत मशीद बंदर भागात आमचे सर्वांत जुने प्रार्थनालय आहे, 1796 मधले. सॅम्युएल एझिकेल दिवेकर, ज्यांना समाजी हसाजी म्हणत, त्यांनी ते बांधले. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटून आले. परत आल्यावर केलेला नवस फेडायला हे प्रार्थनालय उभारले, असे आमच्या घरोघरी सांगतात. त्याला लोक जुनी मशीद म्हणत. पुढे त्याचे नाव शाआर हाराहामीम झाले, करुणेचे द्वार. कैदेतून सुटलेल्या सैनिकाने उभारलेल्या प्रार्थनालयाला तिफेरेतचेच नाव मिळाले. पुण्यातही 1887 मध्ये अब्राहाम दावीद एझिकेल ह्या बगदादी यहुद्याने झोहारमधला 'इद्रा झुता' हा भाग अरबीत उतरवून यहुदी लिपीत छापला. शिमोन बार योहाईने मरताना उलगडलेली रहस्ये त्या भागात आहेत, आणि तिफेरेत धरून सहा शक्तींचे दैवी रूपही तिथे वर्णिले आहे. बगदादच्या धर्मगुरूंना हे गूढ ज्ञान असे सर्वांपुढे मांडणे मान्य झाले नाही. मला त्या पुण्याच्या माणसाविषयी आदर वाटतो.

सगळेच मला मान्य आहे असे मात्र नाही. झोहारमध्ये स्त्रीतत्त्व डाव्या बाजूशी, कठोर निवाड्याशी जोडलेले आहे, आणि दया पुरुषाच्या बाजूला. ज्या कोर्टांत मी काम केले तिथे दयेचे काम बहुतेक वेळा बायकांनी केले आहे: आरोपीची आई, प्रोबेशन ऑफिसर, तुरुंगात मुलाला भेटायला जाणारी बहीण. हा भाग मध्ययुगीन पुरुषांच्या डोक्यातला आहे आणि तो आपण बाजूला ठेवायला हवा.

पण त्याच झोहारमधल्या दुसऱ्या एका कल्पनेने मला घट्ट धरून ठेवले आहे. मालखुत, सर्वांत खालची सेफिरा, हीच शेखिना, देवाचे जगात राहणारे रूप. ती परागंदा आहे. तिफेरेत आणि शेखिना वेगळी पडली आहेत, आणि त्यांची भेट घडवणे हे माणसाचे काम. सफेदचे लोक शुक्रवारी संध्याकाळी पांढरे कपडे घालून शेतात जात आणि शब्बाथचे, तिला शेखिनेचे रूप मानून, वधूसारखे स्वागत करत. तिथल्या श्लोमो अल्काबेत्झने त्यासाठी रचलेले गीत आम्ही ठाण्याच्या शाआर हाशामाइममध्ये आजही म्हणतो. मधोमध वसलेले सौंदर्य खाली, जगापर्यंत उतरले नाही तर ते अपुरे, असा त्याचा अर्थ मी लावते.

आपल्याकडे ते उतरत नाही. देशातल्या तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक अजून दोषी ठरलेलेच नाहीत. खटला चालण्याची वाट बघत ते आत आहेत. त्यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर झाला आहे, पण जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही. म्हणजे निवाडा व्हायच्या आधीच गेवुरा काम करते आहे, एकटी. दोष सिद्ध झाल्यावर तरी ती एकटी पडू नये म्हणून प्रोबेशनच्या कायद्याचे सहावे कलम सांगते, की जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगवास देण्याआधी कोर्टाने प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवायचा, आणि तरी तुरुंगच हवा असेल तर त्याची कारणे लिहायची. हे कलम 1958 पासून पुस्तकात आहे. त्याचा आधार घेणारा अर्ज मी करायची तेव्हा कित्येकदा समोरचे तरुण वकील चकित होऊन बघायचे. मला सरकारकडे आणि उच्च न्यायालयाकडे मागायचे आहे ते एवढेच: प्रत्येक तालुक्याच्या कोर्टाला पूर्णवेळ प्रोबेशन ऑफिसर द्या, फिरायला वाहन द्या, आणि एकवीस वर्षांखालच्या प्रत्येक आरोपीच्या शिक्षेआधी त्यांचा अहवाल फाइलला लागला आहे की नाही, हे जिल्हा न्यायाधीशांनी दर महिन्याला तपासावे. त्या अहवालात फिर्यादीचे म्हणणेही असलेच पाहिजे, मुलाच्या म्हणण्याइतक्याच जागेत.